बैलांच्या जागी बांधलेली जीप

माझ्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी सासऱ्यांनी घरची बैलजोडी वडगावच्या बाजारात विकली आणि गोठ्यात बैलांच्या जागी एक जुनी लष्करी जीप बांधली. बांधली हा शब्द मी विचार करून वापरते आहे. जीपचा हँडब्रेक लागत नव्हता आणि गोठ्याची जमीन मूत वाहून जावं म्हणून उतरती केलेली होती. त्यामुळे जीपच्या बंपरला बैलाचं जुनं दावं लावून ते दावणीच्या खुंट्याला अडकवलेलं असायचं. एकीकडे दोन म्हशी रवंथ करायच्या, दुसरीकडे ही तेल गाळायची. घरी पाहुणा आला की मामंजी त्याला पाण्याआधी गोठ्यात न्यायचे, आणि पाहुणाही मान हलवत, टायरला लाथ मारून बघत, काहीतरी कळल्यासारखं तोंड करायचा.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. घरात आम्ही तिघं: मामंजी म्हणजे माझे सासरे, माझा नवरा आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मी कोल्हापुरात होस्टेलवर राहून बी. ए. झालेली. या घरात कुणाला चार ओळींचा अर्ज सरळ लिहिता येत नाही हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि ते मी पुढं कधी विसरले नाही. माणूस मोजायची माझी पट्टी तेव्हा एवढीच होती. तोंडानं मी फार बोलायची नाही. पण नाकानं कांदे सोलायला तोंड उघडावं लागत नाही.

मामंजींना तरुणपणी सैन्यात जायचं होतं. भरतीला गेले, तिथं छाती दोन बोटं कमी भरली आणि त्यांना परत पाठवलं. आमच्या भागात घराआड एक फौजी, त्यामुळे ही दोन बोटं त्यांना आयुष्यभर पुरली. तीस वर्षांनी कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की लष्कर आपल्या जुन्या गाड्या लिलावात काढतं. झालं. चार रिकामटेकडी माणसं बरोबर घेऊन ते गेले आणि तिसऱ्या दिवशी जीप घेऊन आले. आले म्हणजे ट्रकवर चढवून आणली. गावाबाहेर ट्रक थांबवून दगडांचा उतार रचला आणि त्याच्यावरून जीप खाली घेतली, कारण गावात ती स्वतःच्या चाकांवर यायला हवी होती. ती चालू झाली नाही. शेवटी त्याच चौघांनी ढकलत ढकलत वेशीतून आत आणली, आणि मामंजी स्टिअरिंग धरून ताठ बसलेले. मी दारातून बघत होते. ढकलणाऱ्यांच्या तोंडावर लाज दिसेल असं मला वाटलं होतं, पण ते चौघंही वरातीत असल्यासारखे खुशीत होते.

मग जीपच्या कहाण्या सुरू झाल्या. ती लढाईवरनं आली आहे. ती बर्फात राहिलेली आहे. तिच्या डाव्या अंगाला एक भोक होतं, ते गोळीचं. मामंजी त्या भोकात करंगळी घालून दाखवायचे, मग पाहुणा घालायचा. एकदा मी आतल्या बाजूनं बघितलं. भोकाला स्वच्छ आटे होते. कुठलातरी बोल्ट तिथून पडला होता, एवढाच तिचा पराक्रम. मी ते नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला, "तुला काय कळतंय लढाईतलं?" जसा काही हा स्वतः सीमेवरून नुकताच जेवायला आला होता.

पहिलं वर्षभर जीप परड्यात ताडपत्रीखाली होती आणि शेतीची कामं बैलंच करत होती. पण मामंजींना चैन पडेना. कामाला लावल्याशिवाय ती नुसती हौस ठरली असती, आणि हौशीची गाडी घेणारा शेतकरी म्हणून त्यांना गावात नाव नको होतं. म्हणून त्यांनी ठरवलं की सगळी शेती जीपवर करायची. दिवाळीनंतर बैलं गेली. व्यापारी दावी सोडत होता तेव्हा मामंजी बाहेर आलेसुद्धा नाहीत, परड्यात जीपमध्ये बसून राहिले. मला तेव्हा त्यांचा राग आला. आज वाटतं, त्यांना बघवत नसेल. पण आजचं शहाणपण मी त्या दिवसात कोंबणार नाही. तेव्हा मला राग आला आणि तो बरेच दिवस टिकला.

एक गोष्ट मात्र कबूल करते. उसाच्या दिवसांत चिखलात रुतलेली गाडी ओढून काढायची असली तर जीपसारखं काही नव्हतं. चारही चाकांना जोर देणारा एक दांडका होता, तो मागं ओढला की ती गुरगुरत, इंचाइंचानं काय वाट्टेल ते बाहेर काढायची. वैरणही आणायची. बाकी कामांत तिचा उपयोग शून्य. तण काढायचं कोळपं तिला लावलं तर पिकाच्या ओळीच तिच्या चाकांखाली जायच्या. कुरी लावून पेरलं तर बी एका जागी मूठभर आणि पुढं दहा पावलं काहीच नाही. भुईमूग उगवून आला तेव्हा रान अंगावर खरूज उठल्यासारखं दिसत होतं. शेजारचे लोक बांधावर उभे राहून बघायचे आणि मामंजी त्यांना सांगायचे, "यंत्राचं रान असंच दिसतंय. सवय व्हायला पायजे." लोक व्हय व्हय म्हणायचे. आमच्या गावात तोंडावर कुणी हसत नाही. बांध ओलांडून पलीकडे जातात आणि मग हसतात.

आणि पेट्रोल. ती पेट्रोल पीत होती तेवढंच गाळत होती. रात्रभर थेंब थेंब पडून सकाळी गोठ्यात असा वास की म्हशी पान्हा चोरायच्या. त्यावर उपाय करायला कबनूरहून एक मिस्त्री आणला. तो यंत्रमागांचा मिस्त्री होता, पण यंत्र ते यंत्र असं आमच्या घरचं मत. त्यानं सीटखाली टाकीतून निघणाऱ्या नळीत मोटारसायकलला असते तशी एक पितळी चावी बसवली. संध्याकाळी बंद करायची, सकाळी उघडायची. पहाटे गोठ्यात सगळ्यांत आधी मी जाणार, म्हणून हे काम आपोआप माझ्याकडे आलं. शेण काढायचं, वैरण टाकायची, धार काढायची, चावी उघडायची. संध्याकाळी धार झाली की चावी बंद. चार-सहा दिवसांत घरातले दोन्ही पुरुष ती चावी विसरूनसुद्धा गेले. नवऱ्याला वाटायचं, जीप आता सुधारली. रोज सकाळी तो ऐटीत बसायचा, किल्ली फिरवायचा, मी मागून ढकलायची, ती सुरू व्हायची, आणि तो माझ्याकडे बघून म्हणायचा, "बघितलंस? हात बसायला लागतो."

आता बेंदराचं सांगते, कारण हे सगळं त्याच्यासाठी सांगितलं.

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. त्या दिवशी संध्याकाळी गावाच्या वेशीत पिंपळाच्या पानांचा जाड दोर आडवा बांधतात. त्याला कर म्हणतात. मानाच्या घरची बैलं वाजतगाजत पळत येतात आणि ती कर तोडतात. मग बाकीच्यांची बैलं आत येतात. आमच्या गावात हा मान आमच्या घराकडे होता. मान म्हणजे काय, तर एक नारळ, एक फेटा आणि चावडीत पुढं बसायला जागा. माझ्या दृष्टीनं त्याची किंमत काडीची. मामंजींचा मात्र सगळा जीव त्यात होता. सैन्यानं परत पाठवलेल्या माणसाला वर्षातून एकदा सगळं गाव वाट करून द्यायचं, आणि तेवढ्यावर ते उरलेलं वर्ष काढायचे. दोन वर्षं मी ते बघितलं होतं. फेटा बांधलेले मामंजी बैलांबरोबर पळत यायचे तेव्हा खरोखर उंच दिसायचे.

आता बैलं नव्हती. चावडीत बैठक बसली आणि तिथं काय झालं ते नवऱ्यानं घरी येऊन सांगितलं. माझे एक चुलत सासरे होते, कमी बोलणारा माणूस, त्यांच्याकडे खिलारी जोडी होती. ते म्हणाले, "दादा, औंदा माझी बैलं घ्या. जनावरं माझी, मान तुमचाच." याहून चांगलं कुणी काय बोलणार? पण मामंजी उठून उभे राहिले. "उसनी बैलं कशाला? कर आमची जीप तोडंल."

मला वाटलं, गाव हसलं असेल. छे. गावानं विचार केला. चार म्हातारी माणसं तास-दीड तास खल करत बसली की जीप बैलांत धरायची का नाही. एक म्हणाला, सण जनावराचा, लोखंडाचा नव्हे. दुसरा म्हणाला, सण औताचा आहे, घरचं औत जे ओढतं त्याचा मान. तिसऱ्यानं विचारलं, जीप औत ओढते का? मामंजी म्हणाले, ओढते. मग ठरलं की पंचांसमोर ओढून दाखवायचं. आणि दोन अटी घातल्या. कर तोडताना जीपला कुणी हात लावायचा नाही, कारण बैलाला कुणी ढकलत नाही. आणि ती अडली, तर मान चुलत्याच्या घराकडे जाईल तो कायमचा. मामंजींनी दोन्ही अटी कबूल केल्या. इतकी माणसं, इतका वेळ, आणि एवढी अक्कल. मी नवऱ्याला म्हटलं, "जीपला रवंथ करता येतो का ते नाही विचारलं?" तो जेवणावरून उठून गेला.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. मी जेवण घेऊन रानात गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी बघितलं. बांधावर चौघं पंच सुपारी कातरत बसलेले. जीपच्या मागच्या आकड्याला साखळी, साखळीला लोखंडी नांगर, नांगराच्या मुठीला मामंजी. नवरा जीपमध्ये. आधी चाकं जागच्या जागी फिरली आणि मामंजींच्या अंगावर मातीचा फवारा आला. मग नवऱ्यानं तो दांडका ओढला आणि जीप एकदम निघाली. बैलाच्या चालीनं चालायची तिला सवय नव्हती. नांगर जमिनीत राहीना, उड्या मारत चालला, आणि त्याच्यामागे धोतर सावरत, धूर गिळत, मामंजी उड्या मारत चालले. "सावकाश की रं!" म्हणून ते ओरडत होते, ते जीपच्या आवाजात नवऱ्याला कुठलं ऐकू यायला? रानाच्या टोकाला जीप थांबली तेव्हा मामंजींच्या एका पायात वहाण नव्हती आणि मागं नांगरटीची जेमतेम एक ओळ उमटली होती, तीही कुत्र्यानं उकरल्यासारखी. पंच उठून आले. सर्वांत म्हाताऱ्यानं त्या उकिरड्यात काठी खुपसून बघितली आणि म्हणाला, "ओढलं का न्हाय? ओढलं. मग झालं की."

मी भाकरीचं टोपलं डोक्यावर घेऊन उभी होते. मामंजी धापा टाकत माझ्याकडे आले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला त्यांच्याकडे बघवेना. कीव आली नाही. कीव यायला थोडी माया लागते, आणि तेव्हा माझ्याकडे नुसती अक्कल होती.

बेंदराच्या आदल्या दिवशी जीप ओढ्यावर नेऊन धुतली. बैलांना घासतात तशी नारळाच्या शेंडीनं घासली. संध्याकाळी ती गोठ्यात आली, मी धार काढली आणि रोजच्यासारखी चावी बंद केली. सणादिवशी आमच्या घरची रीत अशी की बाईनं गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. त्या एका दिवशी शेणापासून धारेपर्यंत सगळं पुरुषांनी करायचं. वर्षातला एक दिवस शेण काढून हे लोक इतके दमायचे की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपायचे.

सकाळी मी पोळ्यांच्या मागं होते. पुरण वाटलं, कट काढला, पोळ्या लाटायला बसले, आणि तिसऱ्या का चौथ्या पोळीला मला आठवलं की चावी बंद आहे. मी लाटणं खाली ठेवलं आणि उठलेसुद्धा. तेवढ्यात नवरा कडाकण्या न्यायला आत आला. बैलांच्या शिंगांत या तळलेल्या पुऱ्या ओवून घालतात. आमच्याकडे शिंगं नव्हती, म्हणून आरशांना बांधणार होते. मला उठलेली बघून तो म्हणाला, "गोठ्याकडं फिरकू नगंस आज. न्हायतर म्हणतील, बाईचा पाय लागला म्हणून अडली."

मी म्हटलं, "नाही फिरकत." आणि परत पोळी लाटायला बसले.

गोठ्यात गेलेच पाहिजे होतं असं नाही. तोंडानं सांगता आलं असतं. चार शब्दांचं काम होतं. मी ते चार शब्द तोंडात धरून बसले आणि पोळ्या भाजत राहिले. मनात म्हटलं, विचारलं तर सांगू. मला कोण विचारणार होतं?

दुपारी जीप सजली. बंपरला शिंगांचा लाल हिंगूळ लावला, टपाची ताडपत्री काढून पाठीवर म्हणजे बॉनेटवर बैलाची झूल टाकली, पुढच्या दिव्यांना गोंडे बांधले. नैवेद्याची पोळी बॉनेटवर ठेवली. एरवी ती बैलाच्या तोंडात द्यायची. मामंजींनी हात जोडले, थोडा वेळ वाट बघितली, आणि पोळी उचलून म्हशीला घातली. मग नवऱ्यानं किल्ली फिरवली, चौघांनी गोठ्यातून ढकलून बाहेर काढली आणि ती सुरू झाली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होते. सुरू झाली म्हणजे कुणीतरी चावी उघडली असणार असं मला वाटलं आणि खरं सांगायचं तर मी हिरमुसले. चावी बंद असली तरी पुढं नळीत आणि इंजिनात जे पेट्रोल उरलेलं असतं तेवढ्यावर ती थोडं अंतर चालते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

कर तुटेपर्यंत वेशीच्या रस्त्यावर बायकांनी उभं राहायचं नाही. आम्ही बायका वेशीला लागून असलेल्या एका घराच्या माडीवर जाऊन उभ्या राहिलो. खाली माणसांची भिंत, मध्ये वाट. हलगी, घुमकं, गुलाल. दूरवर जीप वळणावरून आली. नवरा चालवत होता. काच बॉनेटवर पाडलेली होती आणि मामंजी तिच्या मागं उभे, गुलाबी फेटा, एक हात टपाच्या लोखंडी चौकटीला धरलेला, दुसरा वर. परेडवरच्या साहेबासारखे. गाव ओरडत होतं. आणि कर वीस-पंचवीस पावलांवर राहिली असताना जीपनं दोन आचके दिले आणि ती थांबली.

त्याच क्षणी मला कळलं. नवरा किल्ली फिरवत राहिला. खाली उतरून पुढं हँडल घालून फिरवलं. बॉनेट उघडावं तर वर झूल आणि पाडलेली काच. हलगी वाजायची थांबली. कुणीतरी ढकलायला पुढं झालं तर पंचांतल्या म्हाताऱ्यानं काठी आडवी धरली. सीटखाली हात घालून एक चावी फिरवायची, बस. मी माडीवरून ओरडले असते तर खालच्या शांततेत प्रत्येक माणसाला ऐकू गेलं असतं.

मामंजी जीपमध्ये उभेच होते. त्यांनी एकदा इंजिनाकडे बघितलं, एकदा करेकडे, आणि मग मान वर करून माडीकडे बघितलं. बराच वेळ. मला वाटलं, तोंड लपवायला जागा शोधत असतील. माझ्या शेजारच्या बायका वाकून बघत होत्या. एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पदर सावरला.

मग मामंजी खाली उतरले. डोक्यावरचा फेटा काढला, मागं खिलारी जोडी धरून उभ्या असलेल्या चुलत्याकडे चालत गेले आणि फेटा त्यांच्या हातात दिला. म्हणाले, "सोड बैलं." चुलते नको नको म्हणत होते, तेही ऐकू आलं. बैलं जीपच्या कडेनं पळत गेली आणि कर तुटली. गावाला काय, तुटल्याशी मतलब. हलगी परत सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोठ्यात जाऊन चावी उघडली आणि जीप एका धक्क्यात सुरू झाली. त्यावरून नवऱ्यानं निष्कर्ष काढला की कुणीतरी करणी केली होती. जीपला लिंबू-मिरच्या बांधल्या, उतारा टाकला, भावकीतल्या दोन घरांशी बोलणं बंद केलं. मामंजी त्यात पडले नाहीत. त्यांनी जीपला परत हात लावला नाही, एवढं मात्र खरं. ती पुढं नऊ-दहा वर्षं वैरण वाहत राहिली आणि शेवटी गगनबावड्याकडचा एक माणूस लाकडं ओढायला घेऊन गेला. त्या घाटातल्या पावसात ती किती टिकली असेल ते देव जाणे. आमच्याकडे भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला होता, आणि गावात बैलं बोटांवर मोजण्याइतकी राहिली.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मामंजी परसात पडले, खुबा मोडला आणि ते अंथरुणाला खिळले. त्यांचं सगळं मीच करायची. त्या वर्षीच्या बेंदरादिवशी दुपारी मी त्यांना चहा पाजत होते आणि वेशीकडून हलगी ऐकू येत होती. चुलत्यांची बैलंही तोपर्यंत गेली होती. त्यांची मुलं दुसऱ्या गावची बैलं भाड्यानं टेम्पोतून आणायची, कर तोडायची आणि रात्री परत पाठवायची. मी त्यावर माझ्या नेहमीच्या पद्धतीनं काहीतरी बोलले. म्हटलं, "हाच का तो मान? टेम्पोतून येतो आणि टेम्पोतून जातो." मामंजी हसले. त्यांना हसलेलं बघून मला वाटलं, आता ती जुनी गोष्ट हसण्यावारी नेता येईल. इतकी वर्षं मी ती कुणाला सांगितली नव्हती.

मी म्हटलं, "मामंजी, त्या वर्षी करणी-बिरणी काही नव्हती. सीटखालची चावी बंद होती. मला माहीत होतं."

ते म्हणाले, "म्हाईत हाय मला."

"कधीपासून?"

"तवाच कळलं. रोज सकाळी गोठ्यात तू काय करतीस, त्ये मी अंथरुणातनं ऐकत हुतो की. चावी फिरवल्याचा आवाज यायचा, मग धारंचा." त्यांनी बशी खाली ठेवली. "जीप थांबली तवा ध्येनात आलं, आज आवाज आला न्हवता. कुठं बसवलीया त्ये मला ठावं न्हवतं. म्हणून वर बघितलं. म्हटलं, घरात एक ही शाणी हाय, ही सांगंल."

मग मी विचारलं, "हाक का नाही मारलीत? मी सांगितलं असतं."

"हाक मारणारच हुतो," मामंजी म्हणाले. "पर तू हसत हुतीस."